एक दुवा, अकरा माणसें

प्रवासास निघतांना पूर्वीं घरांतील वडील माणसें फिरकीचा तांब्या, कंदील, वळकटी आणि फराळाचा डबा हे चार नग मोजून घेत व मगच टांग्यांत पाय ठेवीत. वळकटी गेली, कंदील गेला, टांगाहि गेला. परंतु नगांची मोजदाद कांहीं सुटली नाहीं. हल्लीं माणशीं एक मोबाइल, घरांतला लॅपटॉप आणि या सर्वांच्या चार्जरच्या वायरी मोजून घ्याव्या लागतात. इतकें करून मुक्कामीं पोहोंचल्यावर पहिला प्रश्न पाण्याचा किंवा अंथरुणाचा नसतो, "येथें इंटरनेट कसें मिळतें?" हा असतो. तरुण मंडळींच्या तोंडीं हा प्रश्न आला कीं वडील माणसें कपाळास आठ्या घालतात. परंतु परतीचीं तिकिटें, बँकेचा व्यवहार, परदेशीं असलेल्या लेकीशीं बोलणें आणि पेन्शनचें काम हें सारें आतां त्याच दुव्यावरून चालत असल्यामुळें त्या आठ्या फार वेळ टिकत नाहींत, असा आमचा अनुभव आहे.

अडचण अशी आहे कीं, आपलीं कुटुंबें एकत्र असलीं तरी इंटरनेट देणारे लोक माणसें सुटीं सुटीं मोजतात. मुंबई सेंट्रल स्थानकावर जानेवारी २०१६ मध्यें रेल्वेची बिनतारी इंटरनेटची सोय सुरू झाली व पुढें ती देशांतील हजारों स्थानकांवर पसरली. परंतु तेथें प्रत्येकानें आपला मोबाइल क्रमांक द्यावा, त्यावर आलेला ओटीपी भरावा, तेव्हां दार उघडतें. लॉजमध्यें उतरावें तर खोलीमागें दोन यंत्रांपुरतीच चिठी मिळते. ज्याच्या हातीं नवा मोबाइल तो आंत, आणि ज्या आजींच्या मोबाइलवर केवळ बोलतां येतें किंवा ज्या आजोबांना ओटीपीचे अंक वेळेवर वाचतां येत नाहींत, तीं बाहेर, असा पंक्तिप्रपंच या व्यवस्थेंत आपोआप घडतो. घरीं एका राउटरवर सर्वांचें भागतें; तसेंच प्रवासांत कां भागूं नये, या विचारानें आम्हीं या महिन्यांत एका लहानशा वस्तूची परीक्षा पाहिली. तिचा वृत्तांत वाचकांस उपयोगीं पडेल असें वाटतें.

ती वस्तु म्हणजे यूएसबीच्या खांचेंत बसणारा बिनतारी ॲडॉप्टर. बाजारांत ज्यास "डोंगल" म्हणतात व ज्यांत सिमकार्ड घालावें लागतें तो हा नव्हे, हें आधींच सांगून ठेवतों; कारण दुकानदारहि पुष्कळदां या दोहोंची गल्लत करतात. या ॲडॉप्टरांत सिमकार्ड नसतें आणि तो स्वतः इंटरनेट आणीत नाहीं. तो केवळ एक जादा वाय-फायचा रेडिओ आहे. आकार अंगठ्याएवढा, वजन सुपारीहून थोडें अधिक, आणि कांहींस बोटभर लांबीची अँटेना. त्यास वेगळी वीज लागत नाहीं. यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या खांचेंतून पांच व्होल्ट दाबानें जी अडीच वॅटपर्यंत वीज मिळते तीवरच त्याचें भागतें.

आतां लॅपटॉपमध्यें एक रेडिओ मुळांतच असतां दुसरा कशासाठीं, ही शंका साहजिक आहे. लॅपटॉपचा आंतला रेडिओ लॉजचें इंटरनेट घेतो. तेंच त्यानें खोलींतील इतर मोबाइलांस वांटावें असें म्हटल्यास कित्येक लॅपटॉप तेंहि करूं शकतात. परंतु तेव्हां एकाच तोंडानें ऐकावयाचें आणि तेंच पुन्हा सांगावयाचें अशी स्थिति होते. प्रत्येक अक्षर त्याच लहरीवरून दोनदां जावें लागतें आणि वेग निम्म्यावर येतो. दोन रेडिओ असले म्हणजे एक घेणारा व एक देणारा अशी कामाची वांटणी होते. पंगतींत एकच वाढपी असला म्हणजे तो स्वयंपाकघरांतून भात आणण्यांत गुंतला कीं पानें रिकामीं राहतात. आणणारा एक आणि वाढणारा एक असला म्हणजे पंगत अडत नाहीं, तसाच हा प्रकार आहे.

या बिनतारी विद्येचें मूळ आपल्या देशास परकें नाहीं, हें येथें जातां जातां नमूद करावेंसें वाटतें. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यांत भिंतींपलीकडे विद्युल्लहरी पाठवून दूरची घंटा वाजवून दाखविली होती. त्यांच्या लहरी अवघ्या कांहीं मिलिमीटर लांबीच्या होत्या. पुढें १९७१ सालीं हवाई बेटांवरील विश्वविद्यालयांत नॉर्मन अब्रॅमसन व त्यांचे सहकारी यांनीं बेटाबेटांवरील संगणक रेडिओनें जोडले. सध्यांच्या पद्धतीचें पहिलें मानक १९९७ सालीं ठरलें आणि १९९९ सालीं तिला वाय-फाय हें नांव मिळालें. आपल्याकडे एके काळीं रेडिओ नुसता ऐकावयासहि परवाना काढावा लागे, हें वडील वाचकांस आठवत असेल. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यास २००५ सालापासून ठराविक शक्तीच्या मर्यादेंत परवाना लागत नाहीं, म्हणूनच हीं लहान यंत्रें आपण निर्वेधपणें वापरूं शकतों.

एका चिठीवर अनेकांचें काम कसें चालतें, हेंहि समजून घेण्यासारखें आहे. इंटरनेटवर प्रत्येक यंत्रास एक पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे असे पत्ते सारे मिळून सुमारें ४२९ कोटि आहेत. म्हणजे जगांतील माणसांनाहि ते पुरत नाहींत, मग त्यांच्या यंत्रांची गोष्ट दूरच. ही टंचाई ओळखून १९९४ सालीं एक युक्ति मांडण्यांत आली. ती आपल्या एकत्र कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या रीतीसारखीच आहे. पत्र यावयाचें तें कर्त्या पुरुषाच्या नांवें, "यांचे घरीं" असें लिहून. पोस्टमननें तें ओसरीवर द्यावें आणि तें थोरल्या सुनेचें कीं धाकट्या मुलाचें हें घरांतल्यांनीं पाहून ज्याचें त्यास द्यावें. लॅपटॉप येथें त्या कर्त्याचें काम करतो. बाहेरच्या जगास एकच पत्ता दिसतो. आंत प्रत्येक मोबाइलला लॅपटॉप स्वतःचा एक घरगुती क्रमांक देतो आणि कोणीं काय मागितलें याची टांचणवही ठेवून उत्तर ज्याचें त्यास पोहोंचवितो.

हा प्रयोग आम्हीं केला तो श्रीक्षेत्र नरसोबाच्या वाडीस. कार्तिक महिना, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा, घरचीं अकरा माणसें, आणि कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ ओळीनें मिळालेल्या तीन खोल्या. वाडा जुना, भिंती हात-दीड हात जाडीच्या दगडी. आंत गेल्याबरोबर सर्वांच्या मोबाइलचें सिग्नल नाहींसें झालें. एरवीं कोणाच्या तरी मोबाइलचा हॉटस्पॉट लावून भागवितां आलें असतें. परंतु मोबाइललाच जेथें सिग्नल नाहीं तेथें हॉटस्पॉट काय वांटणार? शिवाय त्या उपायांत आणखी उणिवा आहेत. मोबाइल तापतो, त्याची बॅटरी झपाट्यानें उतरते, आणि ज्याचा मोबाइल तो दर्शनास गेला कीं मागें राहिलेल्या सर्वांचा दुवा त्याच्याबरोबर चालता होतो.

आम्हांस घाई होती ती थोरल्या काकांच्या कामाची. काका केंद्र सरकारच्या नोकरींतून निवृत्त झालेले, वय शहात्तर. दरवर्षीं नोव्हेंबरांत त्यांना आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. तो वेळेवर गेला नाहीं तर पुढची पेन्शन अडते. २०१४ सालापासून हा दाखला संगणकाद्वारें देतां येतो, आणि अलीकडे तर मोबाइलसमोर चेहरा धरला तरी काम भागतें. निघण्यापूर्वीं काकांना दोन दिवस ताप होता, म्हणून तें राहिलें होतें. महिना संपावयास चार दिवस उरलेले. "देवाच्या दारीं आलों आहों आणि मी जिवंत आहें हें सरकारला सांगावयास रांग लावतों आहें," असें ते हंसून म्हणाले. पण त्या हंसण्याआड काकूंना लागणाऱ्या दरमहाच्या औषधांची काळजी होती, हें सर्वांच्या लक्षांत आलें.

लॉजची चिठी खोलीमागें दोन यंत्रांची होती. येथें आम्हांस एक प्रश्न पडला, आणि तो यंत्राचा नव्हे, तर रीतीचा होता. नियम दोन यंत्रांचा. लॅपटॉप हें एक यंत्र. त्याच्यामागें आठ मोबाइल बसले तरी लॉजच्या यंत्रणेस एकच दिसणार. दिसत नाहीं म्हणून तें करावें काय? धाकट्या पुतण्याचें म्हणणें असें कीं, आपण पैसे भरले आहेत, मग किती जणांनीं वापरावें हा आपला प्रश्न. उलटपक्षीं आत्या म्हणाल्या, "दोन पानांचे पैसे देऊन आठ जण जेवूं लागले तर खानावळवाल्यानें काय करावें?" आत्यांचा दाखला सोडतां येण्यासारखा नव्हता, कारण लॉजचा दुवा एकच असतो आणि आपण जितका ओढावा तितका शेजारच्या खोलींतील यात्रेकरूचा कमी होतो. तेव्हां आम्हीं सरळ व्यवस्थापकांकडे जाऊन यंत्र दाखविलें आणि काय करणार तें सांगितलें. ते म्हणाले, "नियम आहे तो रात्रभर सिनेमे उतरवणाऱ्यांसाठीं. वडीलधारी माणसें आहेत, खुशाल लावा. फक्त मोठे व्हिडिओ चालवूं नका." ही अट आम्हीं मान्य केली व पाळली. ज्यास विचारावयाचें त्यास विचारलें असतां बहुधा नकार मिळत नाहीं. आणि मिळालाच तर तो मानावा, हें प्रवासांतील सभ्यतेस धरून आहे.

आतां प्रत्यक्ष यंत्राविषयीं. लॉजचें सिग्नल व्हरांड्यापर्यंत चांगलें येत होतें, म्हणून लॅपटॉप मधल्या खोलीच्या खिडकींत ठेवला. त्यानें बाहेरचें घ्यावें. ॲडॉप्टर हातभर लांबीच्या यूएसबी वायरीस लावून खुंटीवर टांगला. त्यानें आंत वांटावें. ही वायर आम्हीं मुद्दाम नेली होती. यूएसबीच्या तिसऱ्या आवृत्तीच्या खांचेभोंवतीं जो विजेचा गोंगाट होतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत पडतो आणि खांचेला चिकटून बसलेल्या ॲडॉप्टरचे कान बधिर करतो. तो हातभर दूर नेला, किंवा जुन्या खांचेंत लावला, म्हणजे हा त्रास पुष्कळ कमी होतो. उंचावर टांगल्याचा फायदा निराळाच.

नंतर लॅपटॉपवरील "मोबाइल हॉटस्पॉट" हें बटण चालू केलें. विंडोजमध्यें २०१६ पासून ही सोय आयती असते. तिला नांव द्यावें, पासवर्ड द्यावा, कीं झालें. मात्र तिच्यावर एका वेळीं आठच यंत्रें बसतात. आमचीं माणसें अकरा असल्यामुळें वहिनींनीं पाळ्या लावून दिल्या. पहिला मान अर्थात् काकांचा. दाखल्याचें ॲप पुतण्यानें पुण्याहून निघतांनाच मोबाइलमध्यें घालून तयार ठेवलें होतें. काका खिडकीजवळ उजेडांत बसले, यंत्राच्या सांगण्याप्रमाणें त्यांनीं डोळे मिटून उघडले, आणि काम झालें. पण झाल्याची पोंच यावयाची ती मोबाइलच्या संदेशानें, आणि खोलींत सिग्नल नाहीं! ती पोंच संध्याकाळीं काका घाटावर गेले तेव्हां पायऱ्या उतरतांना आली. त्यांनीं ती काकूंना दाखविली आणि मगच पादुकांच्या दर्शनास गेले. त्या दिवशीं घरांत बासुंदी आली ती काकांच्या पैशानें.

रात्रीं म्युनिकला असलेल्या भाचीशीं बोलणें झालें. तिकडे आपल्याहून साडेचार तास मागें, म्हणून आमच्या जेवणानंतरची वेळ तिला संध्याकाळची सोयीची पडली. ज्या आजींच्या मोबाइलला इंटरनेट नाहीं त्यांच्यापुढें लॅपटॉपच ठेवला, नातीला पाहून त्यांनीं पहिला प्रश्न केला तो "जेवलीस का?" हाच. चार जण बोलत असतांना दुसऱ्या खोलींतील मुलें अभ्यासाचें कांहीं वाचत होतीं, तरी बोलणें तुटलें नाहीं. आंतल्याच रेडिओवर दोन्ही कामें सोंपवून पाहिलीं तेव्हां मात्र चित्र मधून मधून गोठूं लागलें. तेव्हां दुसऱ्या रेडिओचा उपयोग निर्विवाद आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांबीची, तर ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्मी. लांब लहर भिंतींतून बऱ्यापैकीं जाते. आंखूड लहर वेगवान् खरी, पण दगडापुढें तिचा निभाव लागत नाहीं. आमचा ॲडॉप्टर दोन्ही पट्ट्यांवर चालणारा होता. पांचाच्या पट्ट्यावर तो खोलीबाहेर गेलाच नाहीं, २.४ वर शेजारच्या दोन्ही खोल्यांच्या अलीकडच्या अर्ध्या भागांत मिळाला, पलीकडच्या कोपऱ्यांत मिळाला नाहीं. दुसरी गोष्ट, लॅपटॉप झोंपला कीं सर्वांचाच दुवा तुटतो. म्हणून तो विजेवर लावून, झांकण उघडें ठेवून, आपोआप झोंपण्याची सवय बंद करावी लागते. ज्यांच्याजवळ लॅपटॉप नाहीं त्यांनीं हा ॲडॉप्टर घेऊं नये. त्यांस खिशांत मावणारा प्रवासी राउटर अधिक सोयीचा, कारण तो हेंच काम स्वतंत्रपणें करतो.

सुरक्षिततेविषयीं एक भ्रम दूर करणें अवश्य आहे. आपल्या हॉटस्पॉटला पासवर्ड दिला म्हणजे सारेंच सुरक्षित झालें, असें पुष्कळांस वाटतें. तें कुलूप मोबाइल आणि लॅपटॉप यांच्यामधल्या वाटेवर असतें. लॅपटॉपपासून पुढें लॉजच्या दुव्यावर तें नसतें. माजघराचें दार लावलें म्हणून रस्त्यावर कोणी हटकणार नाहीं असें थोडेंच आहे? म्हणून बँकेचा व्यवहार करतांना पत्त्याच्या आरंभीं "एचटीटीपीएस" आहे कीं नाहीं हें पाहावें, ब्राउझरनें धोक्याची सूचना दिल्यास "पुढें चला" असें कधींहि म्हणूं नये, आणि शक्य असल्यास पैशाचें काम घाटावर जाऊन मोबाइलच्या स्वतःच्या सिग्नलवर करावें. हॉटस्पॉटसाठीं डब्ल्यूपीए-२ किंवा २०१८ सालीं आलेली डब्ल्यूपीए-३ हीच पद्धत निवडावी. डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत २००१ सालींच फुटलेली आहे. पासवर्ड आठ अक्षरांहून लांब असावा. आणि तो घरच्या मुलाचें नांव व जन्मसाल असा नसावा, कारण तें सर्व गांवास ठाऊक असतें. शेजारच्या खोलींतील ओळखीच्या मंडळींनीं मागितला तरी संकोच बाजूस ठेवून नाहीं म्हणावें. आपल्या दुव्यावरून त्यांनीं जें कांहीं केलें तें बाहेरच्यांस आपल्याच नांवें दिसणार, हें विसरूं नये.

विकत घेतांना तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, तो दोन्ही पट्ट्यांवर चालतो कीं नाहीं. दुसरी, तो केवळ घेणारा आहे कीं देणाराहि आहे. सर्वच ॲडॉप्टर हॉटस्पॉट होऊं शकत नाहींत, म्हणून वेष्टनावर "ॲक्सेस पॉइंट" असा उल्लेख आहे का हें वाचून घ्यावें. तिसरी, त्याचा ड्रायव्हर. तो पुष्कळदां लहानशा तबकडीवर देतात आणि हल्लींच्या लॅपटॉपांत ती घालावयास जागाच नसते. ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवावा लागतो, आणि इंटरनेट तर ॲडॉप्टर चालल्यावर मिळावयाचें! तेव्हां घर सोडण्यापूर्वीं दोन दिवस सर्व जोडून, दिवाणखान्यांत एकदां चालवून पाहून मगच पेटींत भरावें.

शेवटीं एक घरगुती सूचना. आमच्याकडे वाडीस असा नियम ठरला कीं, सकाळच्या दर्शनाआधीं आणि रात्रीं दहानंतर लॅपटॉप बंद. सर्वांचा दुवा एकाच ठिकाणीं असल्याचा हा एक फायदा आहे: तो एकाच बोटानें मिटतां येतो, आणि कोणाएकाच्या हातून मोबाइल काढून घेतल्याचा कडवटपणा येत नाहीं. पहिल्या रात्रीं मुलें थोडीं कुरकुरलीं. दुसऱ्या रात्रीं काकांनीं आपल्या पहिल्या नोकरींतल्या, तारेनें निरोप धाडण्याच्या दिवसांतल्या गोष्टी काढल्या आणि कवठाच्या बर्फीचा पुडा संपेपर्यंत कोणीहि उठलें नाहीं.